चेन्नईचा ओला हिवाळा आणि वेगवान मोटारीचे टायर

डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात चेन्नई शहर एका आगळ्या सोहळ्याच्या तयारीत होते. आयलंड ग्राउंड्स, नेपियर पूल, शिवानंद सालै या शहराच्या ऐन मध्यवस्तीतील रस्त्यांवर सुमारे साडेतीन किलोमीटरचा मार्ग आखला गेला होता. दुतर्फा काँक्रीटचे कठडे आणि जाळ्या उभ्या राहात होत्या. ९ आणि १० डिसेंबर रोजी विजेच्या झोतात तेथे मोटारींची शर्यत व्हायची होती. तत्पूर्वीच ३ व ४ डिसेंबरला ‘मिचाँग’ चक्रीवादळ किनाऱ्यालगत येऊन रेंगाळले. विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी आले, पळ्ळिकरणैच्या परिसरात उभ्या मोटारी होड्यांसारख्या वाहत गेल्या आणि शर्यत आधी आठवडाभर व नंतर बेमुदत पुढे ढकलली गेली. ती प्रत्यक्षात झाली ३१ ऑगस्ट व १ सप्टेंबर २०२४ रोजी. म्हणजे मराठी माणूस ज्या काळाला पावसाळा म्हणतो, त्या काळात.

चेन्नईच्या ऋतुचक्राचे हे वैशिष्ट्य तेथे नव्याने बदलून गेलेल्या मराठी माणसाच्या लवकर पचनी पडत नाही. मुंबई-पुण्याकडे जूनमध्ये पाऊस येतो, दसऱ्याच्या सुमारास तो निरोप घेतो आणि डिसेंबर म्हणजे कोरडी, आल्हाददायक हवा. मोटार वेगाने चालविण्याची हौस असलेल्यांसाठी हाच उत्तम हंगाम. बंगालच्या उपसागराच्या काठी मात्र ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास ईशान्य मोसमी वारे स्थिरावतात आणि डिसेंबरअखेरपर्यंत पावसाचे राज्य असते. वर्षभरात चेन्नईत सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील निम्म्याहून अधिक या तीन महिन्यांत. तोही रिमझिम नव्हे. १ व २ डिसेंबर २०१५ च्या त्या काळरात्री तांबरम येथे चोवीस तासांत सुमारे ४९ सेंटिमीटर पावसाची नोंद झाली होती.

बँकेच्या चेन्नईतील शाखेत रुजू होणारा अधिकारी, ओरगडम किंवा श्रीपेरुम्बुदूरच्या मोटार कारखान्यात आलेला पुण्याचा अभियंता, यांपैकी अनेकांकडे आज बऱ्यापैकी ताकदीच्या मोटारी असतात. टर्बो इंजिन, रुंद टायर, मोठी अलॉय चाके. नोव्हेंबरातील एखाद्या रविवारी कुटुंबासह महाबलीपुरमला जायचे ठरते. ईस्ट कोस्ट रोड मोकळा असतो, एका बाजूस समुद्र असतो, आणि कोवलमच्या आसपास रस्त्यावर साचलेले पाणी दिसेदिसेपर्यंत चाके त्यावर गेलेली असतात. त्या क्षणी मोटारीच्या दोनशे अश्वशक्तीचा काही उपयोग नसतो. उपयोग असतो तो चार टायर आणि रस्ता यांच्यातील, प्रत्येकी तळहाताएवढ्या, चार ठिपक्यांचा.

‘विंटर टायर’ची फसगत

हिवाळ्यातील टायर म्हटले की अनेकांना युरोप-अमेरिकेतील ‘विंटर टायर’ आठवतात. जर्मनीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तर हा विषय घरचाच आहे. स्टुटगार्ट किंवा म्युनिकला मोटार उद्योगात असलेले आपले अभियंते ऑक्टोबर आला की उन्हाळी टायर उतरवून हिवाळी टायर चढवितात आणि ईस्टरनंतर पुन्हा बदल करतात. बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेला रस्ता असेल तर तेथे असे टायर कायद्याने आवश्यक आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून तर टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण हे चिन्ह असल्याशिवाय तो टायर हिवाळी मानला जात नाही. परदेशातून परतलेला एखादा हौशी वाहनधारक चेन्नईच्या दुकानात जाऊन हीच मागणी करतो. दुकानदाराने नकार दिला तर तो दुकानदाराच्या अज्ञानाला दोष देतो. वस्तुतः दुकानदारच बरोबर असतो.

यामागील कारण रबराच्या स्वभावात आहे. वेगवान मोटारींचे उन्हाळी टायर ज्या मिश्रणापासून बनतात, ते साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ताठर होऊ लागते. ताठर रबर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात शिरू शकत नाही आणि पकड सुटते. म्हणून थंड देशांत नैसर्गिक रबर व सिलिका यांचे प्रमाण जुळवून अधिक मऊ राहणारे मिश्रण वापरतात आणि टायरच्या ठोकळ्यांवर असंख्य बारीक चिरा देतात. बर्फावर या चिरांच्या कडा रुततात. चेन्नईत जानेवारीच्या पहाटेही पारा सहसा २० अंशांच्या आसपास असतो. अशा उबदार रस्त्यावर हिवाळी टायर जरुरीपेक्षा मऊ पडतो, त्याचे चिरलेले ठोकळे वळणावर वाकतात, ब्रेक लावल्यावर मोटार अधिक अंतर घेते आणि महागडा टायर पाहता पाहता झिजतो. सारांश, चेन्नईत हिवाळ्याचा शत्रू थंडी नसून पाणी आहे, आणि पाण्याशी झुंजण्यासाठी चांगल्या प्रतीचा उन्हाळी टायरच लागतो. मात्र तो पाणी फेकण्यात निष्णात हवा.

सेकंदाला एक बादली

टायर पाणी फेकतो म्हणजे नेमके काय करतो, याचा हिशेब सोपा आहे. २२५ मिलिमीटर रुंदीचा टायर घेऊ. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आहे आणि मोटारीचा वेग ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर आहे. या तिन्हींचा गुणाकार केला तर प्रत्येक सेकंदाला सुमारे १५ लिटर पाणी एकट्या टायरच्या वाटेत येते. घरातील अंघोळीची एक भरलेली बादली! तेवढे पाणी एका सेकंदात बाजूला सारले गेले नाही, तर ते टायरच्या पुढे पाचरीसारखे जमते, टायरला उचलते आणि मोटार पाण्याच्या थरावर तरंगू लागते. स्टिअरिंग एकाएकी हलके वाटते, ब्रेक दाबला तरी मोटार तशीच पुढे जाते. इंग्रजीत यालाच ‘अ‍ॅक्वाप्लेनिंग’ म्हणतात. फॉर्म्युला वनच्या मुसळधार पावसातील टायरबद्दल पिरेली कंपनी सांगते की, ताशी ३०० किलोमीटर वेगाला तो सेकंदाला सुमारे ८५ लिटर पाणी फेकतो. आपल्या मोटारीच्या टायरकडून एवढी अपेक्षा नाही. पण त्याचे काम त्याच जातीचे आहे.

हा तरंगण्याचा वेग कशावर अवलंबून असतो? १९६० च्या दशकात अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने विमानांच्या चाकांवर केलेल्या प्रयोगांतून एक साधे सूत्र पुढे आले. टायरमधील हवेच्या दाबाचे (पौंडांत) वर्गमूळ काढून त्याला ९ ने गुणले की मिळणारा आकडा हा ‘नॉट’ या एककातील धोक्याचा वेग होय. पेट्रोल पंपावरच्या भाषेत ‘३२ हवा’ असलेल्या टायरसाठी हे उत्तर ताशी सुमारे ९४ किलोमीटर येते. दुर्लक्षामुळे हवा २४ वर उतरलेली असेल तर ते सुमारे ८२ वर येते. सूत्र गुळगुळीत टायर आणि पुरेसे साचलेले पाणी गृहीत धरते. चांगल्या खाचांचा नवा टायर ही मर्यादा बरीच वर नेतो, आणि गोटा झालेला टायर तिला खाली खेचून सूत्रापाशी आणतो. पावसात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते, असा एक समज गावोगावी आढळतो. वाळूत रुतलेली मोटार काढताना तो खरा ठरेलही. पाण्यावर तो जीवघेणा आहे. अर्थात, म्हणून कंपनीने सांगितलेल्या दाबापेक्षा भरमसाट हवा भरणेही शहाणपणाचे नाही. टायरचा मधलाच पट्टा रस्त्याला टेकतो आणि पकड घटते. दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या पट्टीवरचा आकडा, आणि तोही टायर थंड असताना, एवढेच पाळावे.

येथे वेगवान मोटारींच्या मालकांची एक कोंडी होते. कोरड्या रस्त्यावर रुंद टायर हवाहवासा वाटतो. तो दिसतोही रुबाबदार. परंतु रुंदी वाढली की वाटेत येणारे पाणीही त्याच प्रमाणात वाढते, आणि तेवढेच वजन अधिक रुंदीवर विभागले जाते. त्यामुळे साध्या छोट्या मोटारीचे अरुंद टायर जे डबके सहज कापून जातात, त्याच डबक्यावर मोठ्या मोटारीचे टायर तरंगतात. मागून येणाऱ्या लहान मोटारीला आपण कसे मागे टाकले याच्या आनंदात असलेल्या चालकाच्या हे गावीही नसते. दिवाळीत नवी रुंद चाके बसवून घेण्याची हौस चेन्नईत म्हणूनच निदान जानेवारीपर्यंत लांबणीवर टाकलेली बरी.

दुकानात गेल्यावर

टायरच्या कडेवर सारी कुंडली कोरलेली असते. ती वाचता आली पाहिजे. उदाहरणार्थ, २२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे १०१ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल रचना, १७ हा चाकाचा इंचांतील व्यास. ९१ ही भारक्षमतेची खूण असून तिचा अर्थ प्रत्येक टायरवर ६१५ किलो. शेवटचे अक्षर वेगाचे: एच म्हणजे ताशी २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३०० किलोमीटर. आपल्याकडे एवढा वेग कोण आणि कोठे गाठणार, असे म्हणून कमी वेगाच्या अक्षराचा स्वस्त टायर घेण्याचा मोह होतो. हे अक्षर केवळ वेग सांगत नाही. टायरची रचना किती मजबूत आणि उष्णता किती सोसणारी आहे हेही ते सुचविते. मोटार बनविणाऱ्याने सांगितलेल्या अक्षराखाली उतरू नये.

नक्षीचे तीन प्रकार दिसतात. एकसारखी, बाणासारखी आणि आतून-बाहेरून निराळी. बाणासारख्या नक्षीचा टायर पाणी मधून दोन्ही बाजूंना झपाट्याने फेकतो. मात्र तो एकाच दिशेने फिरला पाहिजे. कारागिराने घाईत उलटा बसविला तर तोच टायर पाणी आत ओढतो. कडेवरील बाण पुढच्या दिशेला आहे की नाही, हे मोटार दुकानाबाहेर काढण्यापूर्वी स्वतः वाकून पाहावे. तिसऱ्या प्रकारात आतल्या बाजूस पाण्यासाठी रुंद चर आणि बाहेरच्या बाजूस वळणासाठी भक्कम ठोकळे असतात. चेन्नईसारख्या ठिकाणी रोजच्या वापराच्या वेगवान मोटारीला बहुधा हाच टायर मानवतो. अलीकडे काही हौशी मंडळी शर्यतीच्या मार्गासाठी बनविलेले, कमी खाचांचे, अतिशय मऊ टायर रस्त्यावर वापरतात. अशा टायरच्या कडेवर ‘ट्रेडवेअर’चा आकडा २०० किंवा त्याच्या आसपास असतो. फेब्रुवारीतल्या कोरड्या दुपारी त्यांची पकड थक्क करणारी असते. नोव्हेंबरच्या सरीत ती नाहीशी होते.

ओल्या रस्त्यावरील पकडीचा अंदाज ग्राहकाला बांधता यावा म्हणून युरोपात टायरला ए ते ई असे दर्जे देतात. त्या लेबलाच्या माहितीनुसार ताशी ८० किलोमीटर वेगावरून ब्रेक लावल्यास सर्वोत्तम आणि निकृष्ट दर्जाच्या टायरमध्ये १८ मीटरपर्यंत फरक पडू शकतो. चार मोटारी एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल, तेवढे हे अंतर आहे. भारतातही २०२२ मध्ये ओल्या रस्त्यावरील पकड, घरंगळण्यातील विरोध आणि आवाज यांविषयीचे निकष केंद्र सरकारने अधिसूचित केले. टायर घेताना ‘किती किलोमीटर चालेल?’ हा आपला ठरलेला प्रश्न असतो. ‘पावसात किती मीटरमध्ये थांबेल?’ असे विचारणारा ग्राहक विरळाच.

आणखी एक खूण अंडाकृती चौकटीत चार आकड्यांची असते. ३८२३ म्हणजे २०२३ सालच्या ३८ व्या आठवड्यात बनलेला टायर. रबराला वय असते. ऊन, ओझोन आणि समुद्रकाठची हवा यांमुळे ते कडक होत जाते. वर्षातून चार-पाच हजार किलोमीटरच फिरणाऱ्या, एरवी गच्चीखालच्या गॅरेजमध्ये आवरण घालून जपलेल्या मोटारीच्या बाबतीत हा धोका विशेष संभवतो. खाचा पुरेशा खोल दिसतात, टायर नवा वाटतो, आणि रबर मात्र आठ वर्षांचे असते.

खाचांची खोली हा तर पावसाळी टायरचा प्राण होय. नव्या मोटार टायरला साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोली असते. चरांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे लहान उंचवटे असतात. झीज तेथवर पोहोचली की टायर कायद्याने बाद झाला. परंतु कायद्याची मर्यादा ही सुरक्षिततेची मर्यादा नव्हे. पाणी वाहून नेण्याची क्षमता त्याच्या बरीच आधी ओसरते, म्हणून खोली ३ मिलिमीटरवर आली की वेगवान मोटारीचे टायर पावसाळ्यापूर्वीच बदलावेत असे जाणकार सांगतात. चेन्नईच्या वाहनधारकाने हे काम सप्टेंबरात उरकावे. पहिला जोरदार पाऊस पडून गेल्यावर टायरच्या दुकानात रांगा लागतात, आणि हव्या त्या मापाचा टायर नेमका तेव्हाच संपलेला असतो.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते कोठे बसवावेत, यावर हमखास वाद होतो. इंजिन पुढची चाके ओढते, म्हणून नवे पुढे, असे सामान्य तर्क सांगतो. तो चुकीचा आहे. पुढची पकड सुटली तर मोटार सरळ जाऊ पाहते आणि चालक ॲक्सिलरेटर सोडून तिला बऱ्याच वेळा सावरू शकतो. मागची सुटली तर मोटार भोवऱ्यासारखी फिरते, आणि ओल्या रस्त्यावर तिला सावरणे निष्णात चालकालाही कठीण जाते. चांगले टायर नेहमी मागे. चारही चाकांना ताकद पुरविणाऱ्या मोटारींत तर चारही टायर एकाच जातीचे आणि जवळजवळ सारख्या झिजेचे हवेत, अन्यथा आतील गिअरांवर विनाकारण ताण येतो.

चेन्नईच्या पाण्याखाली खड्डेही असतात. ३५ किंवा ४० टक्के उंचीच्या पातळ कडेचा टायर अशा खड्ड्यात आपटला की कडेला फुगा येतो आणि अलॉय वाकते. अनेक महागड्या मोटारींत स्टेपनीच नसते. मोटार उत्पादकाने मान्य केलेला असेल तर एक इंच लहान चाक आणि तेवढ्याच बाह्य व्यासाचा, उंच कडेचा टायर हा या शहरासाठी समंजस बदल ठरतो. मात्र मूळ मापात फेरफार केल्यास विमा कंपनीस लेखी कळवावे. विम्याबद्दल एक गोष्ट ग्राहकांच्या सहसा लक्षात येत नाही. नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत केवळ टायर फुटल्यास भरपाई मिळत नाही. त्याच वेळी मोटारीचेही नुकसान झाले असेल तरच टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत दायित्व स्वीकारले जाते. साचलेल्या पाण्यात मोटार घालून इंजिनात पाणी शिरले, तर त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतलेले असावे लागते. मोटारीचे कर्ज घेताना हे कागद जरा सावकाश वाचावेत.

फुग्यांपासून

टायर या विषयासाठी चेन्नईइतके समर्पक शहर भारतात दुसरे शोधावे लागेल. अंबत्तूरचा डनलॉपचा जुना कारखाना, श्रीपेरुम्बुदूर-ओरगडम पट्ट्यातील जे.के. आणि अपोलो, उत्तरेकडे मिशेलिन, २०२० मध्ये सुरू झालेला सीएटचा प्रकल्प अशी ही परंपरा आहे. या साऱ्यांत मूळचा चेन्नईचा म्हणावा असा उद्योग म्हणजे एमआरएफ, अर्थात मद्रास रबर फॅक्टरी. तिच्या जन्मकथेत एका बँकेचा अंत दडलेला आहे.

१९३० च्या दशकात त्रावणकोर नॅशनल बँक आणि क्विलॉन बँक यांच्या एकत्रीकरणातून निर्माण झालेली बँक दक्षिण भारतातील मोठ्या बँकांपैकी एक होती. १९३८ मध्ये ती कोसळली. ठेवीदार हवालदिल झाले. तेव्हा अवघी तीन वर्षांची असलेली रिझर्व्ह बँकही टीकेची धनी झाली. बँकेचे एक प्रमुख सूत्रधार के. सी. मामन माप्पिळ्ळै यांना तुरुंगवास घडला आणि घराण्याची मालमत्ता गेली. त्यांचे पुत्र के. एम. मामन माप्पिळ्ळै यांनी १९४६ मध्ये मद्रासच्या तिरुवोट्रियूर भागात एका शेडमध्ये खेळण्यातले फुगे बनविण्यास सुरुवात केली. सुरुवातीला ते स्वतः थैलीत फुगे घालून दुकानोदुकानी फिरत, असे सांगितले जाते. १९४९ मध्ये तंबू चेट्टी मार्गावर पहिले कार्यालय झाले. १९५२ मध्ये ते जुन्या टायरवर चढवायच्या रबराच्या व्यवसायात शिरले, आणि १९६१ पासून अमेरिकेच्या मॅन्सफिल्ड कंपनीच्या साहाय्याने टायर बनू लागले. तेथील गुळगुळीत रस्त्यांसाठी घडविलेले तंत्र येथील रस्त्यांना जसेच्या तसे मानवले नाही. ते येथे नव्याने घडवावे लागले. १९६७ मध्ये हीच कंपनी अमेरिकेला टायर निर्यात करू लागली. १३ जून २०२३ रोजी तिच्या एका समभागाने एक लाख रुपयांची पातळी ओलांडली. असा टप्पा गाठणारा तो भारतातील पहिला समभाग होता. बुडालेल्या बँकेच्या ठेवीदारांच्या वारसांपैकी कोणाकडे त्यातला एखादा समभाग असेल का, असा विचार बँकेत आयुष्य घालविलेल्या माणसाच्या मनात आल्याखेरीज राहात नाही.

शर्यतीच्या मैदानावरही या शहराचे टायर कसाला लागले. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती अनेक वर्षे शोलावरमच्या, दुसऱ्या महायुद्धकाळातील धावपट्टीवर होत. १९९० मध्ये श्रीपेरुम्बुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे ३.७ किलोमीटर लांबीचा कायमचा मार्ग तयार झाला. नारायण कार्तिकेयन आणि करुण चंढोक हे भारताचे दोन्ही फॉर्म्युला वन चालक मद्रासमध्ये जन्मलेले. कोल्हापूरच्या मातीतून पुढे आलेल्या तरुण चालकांनीही या मार्गावर घाम गाळला आहे. गौरव गिल यांनी २०१३, २०१६ आणि २०१७ मध्ये आशिया-पॅसिफिक रॅली विजेतेपद एमआरएफच्या टायरवर मिळविले, तर २०२२ मध्ये स्पेनच्या एफ्रेन यारेना यांनी त्याच टायरवर युरोपीय रॅली विजेतेपद पटकावले.

शर्यतीत टायरची निवड आपल्यासारखी वर्षातून एकदा होत नाही. कोरड्यात मुळीच खाचा नसलेले ‘स्लिक’, पावसात खोल चरांचे मऊ ‘वेट’. स्लिकवर असताना सर आली तर मोटार उभ्या जागी फिरते. वेटवर असताना ऊन पडले तर मऊ रबर तापून काही फेऱ्यांत त्याचे तुकडे उडू लागतात. नोव्हेंबरात इरुंगाट्टुकोट्टैच्या आकाशात दर अर्ध्या तासाला ढगांचे चित्र बदलते. शर्यत सुरू होण्यास दहा मिनिटे उरलेली असतात, मेकॅनिक एका हातात पाना आणि दुसऱ्या हाताची छत्री करून पूर्वेकडे बघत असतो. समुद्राकडून येणारा ढग पोहोचेल की आडवाटेने जाईल, यावर महिनाभराची मेहनत टांगलेली असते. रस्त्यावरच्या वाहनचालकाला चाके बदलण्याची ही सोय नाही. तो एकाच टायरवर सकाळचे ऊन आणि दुपारची सर दोन्ही पार करतो, म्हणून त्याच्या हाती उरते ते ॲक्सिलरेटरवरचे पाऊल. ईस्ट कोस्ट रोडवर रात्री-अपरात्री पैजा लावून मोटारी पळविणाऱ्या तरुणांना पोलीस वेळोवेळी पकडतात. त्यांच्यापैकी कोणी एकदा तरी इरुंगाट्टुकोट्टैला प्रवेशशुल्क भरून पावसात मोटार चालवून पाहिली, तर टायर कोठे सोडून देतो हे कळायला मोकळी जागा मिळेल, आणि समोरून बसगाडी येणार नाही.

डिसेंबर संपतो, पाऊस ओसरतो आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी येते. चेन्नईतील मराठी घरांत त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पावटा, गाजर, वांगे घातलेली मिसळीची भाजी असते. तमिळ घरांत पहाटे दारापुढे जुन्या वस्तूंची होळी पेटते. चटया, झाडण्या, फाटके कपडे यांच्या जोडीला काही वर्षांपासून त्या आगीत झिजलेले टायरही पडू लागले. १३ जानेवारी २०१८ रोजी या धुराची आणि धुक्याची मिळून अशी दाट चादर पसरली की विमानांची ये-जा विस्कळीत झाली. तेव्हापासून प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी भोगीआधी टायर जाळू नका असे आवाहन अधिकच आग्रहाने करतात, आणि रात्री गस्त घालून गल्ल्यांतून टायर गोळा करून नेतात. नवे टायर घेताना जुने दुकानदाराकडेच सोपविले, तर ते या आगीपर्यंत पोहोचत नाहीत.